पीसीवर 'बॅटमॅन: अर्कहॅम व्हीआर' कसा खेळायचा: खरेदीपासून पहिल्या तपासापर्यंत

व्हीआरमधला, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायचा, पहिला गेम कोणता घ्यावा असं कुणी विचारलं, की मी 'बॅटमॅन: अर्कहॅम व्हीआर'चं नाव सांगतो. लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओने तो बनवला. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो प्लेस्टेशनवर आला आणि एप्रिल २०१७ मध्ये पीसीवर. व्हीआरच्या हिशेबाने हा गेम जुना झाला, पण नवख्या माणसासाठी इतका सोयीचा दुसरा मला सापडलेला नाही. यात धावपळ नाही, गुंडांशी मारामारी नाही. अर्कहॅम मालिकेतल्या साध्या स्क्रीनवरच्या मुख्य गेम्समध्ये बॅटमॅन आपल्याला पाठमोरा दिसतो, इथे मुखवटा आपल्याच चेहऱ्यावर असतो आणि काम असतं तपासाचं. घटनास्थळ बघायचं, पुरावा हातात घ्यायचा, काय घडलं असेल ते जुळवायचं.

नवीन माणूस अडतो तो गेममध्ये नाही, गेमपर्यंत पोचताना. हेडसेट एका कंपनीचा, गेम दुसऱ्या दुकानातून घेतलेला आणि दोघांना जोडणारं सॉफ्टवेअर तिसरंच. त्यात पहिली संध्याकाळ जाते, डोकं दुखतं आणि हेडसेट परत खोक्यात जातो. मुख्य गोष्ट मोजून तास-दीड तासाची आहे. म्हणून माझं म्हणणं असं की जोडणी आदल्या दिवशीच उरकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे फक्त खेळा.

१. विकत घेण्याआधी नाव नीट वाचा

स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात 'अर्कहॅम' शोधलंत की चार-पाच गेम समोर येतात. असायलम, सिटी, ओरिजिन्स, नाइट हे सगळे साध्या स्क्रीनवर खेळायचे. आपल्याला हवा आहे तो ज्याच्या नावातच 'व्हीआर' आहे तो.

दुसरा घोटाळा 'अर्कहॅम शॅडो'चा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला हा गेमही व्हीआरचाच आणि चांगला मोठा आहे, पण तो फक्त मेटा क्वेस्ट ३ आणि ३एस या हेडसेटवर चालतो. पीसीवर तो आलेलाच नाही. क्वेस्ट २ असेल तरी तो चालणार नाही. यूट्यूबवर शॅडोचे व्हिडिओ बघून अर्कहॅम व्हीआर घेतला तर मारामारी कुठे गेली असा प्रश्न पडेल, कारण तो खेळच वेगळा आहे.

प्लेस्टेशनची जुनी डिस्क कुणी स्वस्तात देत असेल तर तिचाही पीसीला काही उपयोग नाही.

स्टीमवर किंमत रुपयांत दिसते आणि उन्हाळी व हिवाळी सेलमध्ये बऱ्याच जुन्या गेम्सचे भाव उतरतात. घाई नसेल तर विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, भाव उतरला की ईमेल येतो. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. मात्र गेम उघडा ठेवून तुम्ही सेटिंगशी झटापट करत बसलात, तरी तो वेळ खेळलेला म्हणूनच मोजला जातो. जोडणीची चाचणी त्यामुळे गेम न उघडता करायची. कशी ते पुढे येतंच.

२. काय काय लागेल

- विंडोज असलेला पीसी किंवा गेमिंग लॅपटॉप, स्वतंत्र ग्राफिक्स कार्डासह. रिफ्ट आणि व्हाइव्ह या जुन्या हेडसेटच्या काळात जीटीएक्स ९७०, आय५-४५९० प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम ही पीसी व्हीआरची शिफारस होती. आजचं मध्यम दर्जाचं कार्ड त्याच्या बरंच पुढे आहे.
- पीसीला जोडता येणारा हेडसेट आणि त्याचे दोन्ही हातांचे कंट्रोलर
- स्टीमचं खातं आणि त्यात स्टीमव्हीआर हे गेम आणि हेडसेट जोडणारं मोफत सॉफ्टवेअर
- क्वेस्ट असेल तर मेटाचं खातं, आणि यूएसबी ३ची डेटा केबल किंवा ५ गीगाहर्ट्झचा राउटर
- इअरफोन
- लेन्स पुसायला चष्म्याचं कोरडं मऊ फडकं
- निदान साडेसहा फूट बाय पाच फूट मोकळी जागा

आपला पीसी झेपेल का याची शंका असेल तर स्टीमवरच 'स्टीमव्हीआर परफॉर्मन्स टेस्ट' फुकट मिळते. हेडसेट नसतानाही ती चालवता येते. हेडसेटवर पैसे घालण्याआधी ती चालवून बघा.

गेममधले संवाद इंग्रजीत आहेत. बॅटमॅनचा आवाज केविन कॉनरॉय यांचा. १९९२च्या कार्टून मालिकेपासून त्यांनी हे पात्र बोलतं ठेवलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये ते गेले. हेडसेट घातल्यावर तो आवाज आपल्या तोंडून निघाल्यासारखा वाटतो, त्यामुळे लॅपटॉपच्या स्पीकरवर समाधान मानू नका.

३. हेडसेट घेताना

नवा घेणार असाल तर क्वेस्ट ३एस किंवा ३ हा सरळ मार्ग. परदेशातून मागवलेला किंवा एखाद्या आयातदाराकडून घेतलेला असेल तर बिल कुणाच्या नावे आहे आणि बिघडला तर इथे कोण बघणार, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या.

जुन्या बाजारात मात्र फार सांभाळून. एचपी रिव्हर्ब जी२, लेनोवो एक्सप्लोरर, सॅमसंग ओडिसी हे हेडसेट अगदी थोडक्यात मिळतात आणि चित्रही छान देतात. पण ते विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीवर चालायचे आणि मायक्रोसॉफ्टने ती सोय विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून काढून टाकली. विकणारा खोटं बोलत नसतो, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर हेडसेट खरंच चालत असतो. तुमच्या नव्या विंडोजवर तो तसा चालणार नाही.

मूळ ऑक्युलस रिफ्ट घेत असाल तर त्याचे दोन सेन्सर बरोबर आहेत ना ते बघा. त्यांच्याशिवाय हात दिसत नाहीत. रिफ्टला एचडीएमआय लागतं, रिफ्ट एस आणि व्हॉल्व्ह इंडेक्सला डिस्प्लेपोर्ट. लॅपटॉपवाल्यांची गोची इथेच होते. बऱ्याच लॅपटॉपांत एखादं पोर्ट मुख्य ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं आणि त्यावर हेडसेट ओळखलाच जात नाही. क्वेस्ट यूएसबी किंवा वाय-फायवरून चित्र घेतो, म्हणून त्याला ही अडचण येत नाही.

प्लेस्टेशन व्हीआर२ घरात असेल तर सोनीचा पीसी अ‍ॅडॉप्टर २०२४पासून मिळतो. त्याला डिस्प्लेपोर्टची केबल आणि पीसीला ब्लूटूथ लागतं.

४. खोली तयार करा

आपल्या घरांत पहिला धोका म्हणजे छताचा पंखा. या गेममध्ये ग्रॅपनल गन (दोरीचा आकडा फेकणारी बंदूक) वर रोखावी लागते आणि तेव्हा हात सहज डोक्यावर जातो. उंच माणसाचा कंट्रोलर पात्याला लागू शकतो. पंख्याच्या बरोबर खाली उभे राहू नका. बाजूला टेबल फॅन लावा. त्याचा आणखी एक फायदा आहे: वारा एकाच दिशेने येत असल्यामुळे आपलं तोंड खोलीत कुठे आहे ते डोळे झाकलेले असतानाही कळत राहतं.

पायाखाली सतरंजी किंवा योगा मॅट अंथरा आणि अनवाणी खेळा. मॅटची कड पायाला लागली की समजायचं, आपण सरकलोय. टीपॉय, पाट, मोबाईलचा चार्जर, सगळं बाजूला. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दार लावून घ्या.

क्वेस्टचे कॅमेरे अंधारात चाचपडतात, म्हणून दिवा चालू ठेवा. पण लेन्सवर थेट ऊन पडू देऊ नका. खिडकीपाशी ठेवलेल्या हेडसेटच्या आतल्या पडद्यावर भिंगातून ऊन एकवटतं आणि कायमचा डाग पडतो. व्हाइव्ह किंवा इंडेक्स असेल तर कपाटाच्या आरशावर चादर टाका, कारण बेस स्टेशनचे (हेडसेटची जागा ओळखायला खोलीत लावलेल्या डब्यांचे) किरण आरशात परावर्तित होतात आणि हात भलतीकडेच जातो.

५. हेडसेट पीसीला जोडा

हा भाग क्वेस्टवाल्यांसाठी. रिफ्ट, व्हाइव्ह, इंडेक्स थेट केबलने जोडले जातात आणि त्यांचं सॉफ्टवेअर पायरीपायरीने सगळं विचारतं.

केबलने: पीसीवर मेटा क्वेस्ट लिंकचं अ‍ॅप टाका, केबल जोडा, हेडसेटमध्ये लिंक सुरू करा. अ‍ॅपमध्ये केबलची चाचणी आहे, ती जरूर करा. मोबाईलबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबल चार्जिंगसाठी ठीक असतात, पण त्यांचा डेटाचा वेग यूएसबी २चाच असतो. पीसीच्या मागच्या बाजूचं पोर्ट वापरा, हबमधून जोडू नका.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळ्यात जास्त लोक याच ठिकाणी अडतात. मेटाच्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'अननोन सोर्सेस' नावाचा खटका असतो आणि तो मुळात बंद असतो. तो चालू केल्याशिवाय स्टीमवरून घेतलेले गेम हेडसेटमध्ये उघडत नाहीत.

वाय-फायने: हेडसेटमध्ये स्टीम लिंक हे मोफत अ‍ॅप घ्या. पीसीवर स्टीम आणि स्टीमव्हीआर चालू असलं की पुरतं, मेटाचं पीसी अ‍ॅप लागत नाही. पीसी लॅनच्या तारेने राउटरला जोडा आणि हेडसेट ५ गीगाहर्ट्झवर. पीसीसुद्धा वाय-फायवरच असेल तर चित्र दर थोड्या वेळाने अडखळतं. राउटर त्याच खोलीत असेल तर हा मार्ग मला केबलपेक्षा आवडतो, कारण पायात वायर येत नाही. मेटाची एअर लिंक आणि विकतचं व्हर्च्युअल डेस्कटॉप हे आणखी दोन पर्याय. कुठलाही घ्या, पण एका वेळी एकच चालू ठेवा.

आता गेम न उघडता स्टीमव्हीआरच्या घरात, म्हणजे हेडसेटमध्ये आधी दिसणाऱ्या सुरुवातीच्या जागेत, उभे राहा. डोकं सावकाश वळवा, दोन्ही हात डोळ्यांसमोर आणा. पाच-दहा मिनिटं सगळं गुळगुळीत चाललं तर जोडणी झाली.

६. उंची, डोळे आणि लॅपटॉप

जमिनीची पातळी बरोबर ठरली पाहिजे. बॅटमॅनची साधनं कमरेच्या पट्ट्यावर असतात. हेडसेटला जमीन अर्धा फूट वर किंवा खाली वाटत असेल तर पट्टा मांडीवर येतो नाहीतर छातीवर, आणि हात रिकामाच परत येतो. गेममधली चूक समजून लोक वैतागतात, पण दुरुस्ती हेडसेटच्या सेटिंगमध्ये असते. कंट्रोलर जमिनीला टेकवून पातळी पुन्हा ठरवा.

दोन बाहुल्यांमधलं अंतर चष्मेवाल्याकडून मोजून घ्या, तो त्याला 'पीडी' म्हणतो. क्वेस्ट २ आणि ३एसवर लेन्स तीन ठरावीक जागी सरकतात, क्वेस्ट ३वर फिरवायचं चाक आहे. हे अंतर चुकलं तर अक्षरं पुसट दिसतात आणि अर्ध्या तासात कपाळ दुखू लागतं. चष्मा लावत असाल तर तो लेन्सला घासणार नाही याची खात्री करा.

लॅपटॉप चार्जरवरच ठेवा. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमला 'हाय परफॉर्मन्स' द्या. कार्डाचा ड्रायव्हर आदल्या दिवशीच अपडेट करा.

७. हातांची सवय

सुरुवातीलाच बॅटमॅनचा बटलर अल्फ्रेड भेटतो. तो एक किल्ली देतो, तुम्ही पियानोपाशी जाता, आणि बॅटमॅनच्या घराच्या, वेन मॅनरच्या, खाली त्याची गुप्त गुहा, बॅटकेव्ह, उघडते. इथे कुणीही घाई करत नाही, म्हणून तुम्हीही करू नका. पियानोची एकेक पट्टी दाबून बघा. वस्तू उचला, उलट्यापालट्या करा, सोडून द्या. हातमोजे आणि मुखवटा चढवल्यावर आरसा येतो, तिथे मान वाकवा, हात हलवा. हे दृश्य शोभेचं वाटतं, पण मेंदूला 'हे हात माझे' हे तिथेच पटतं.

पट्ट्यावर तीन साधनं मिळतात: बॅटरँग (वटवाघळाच्या आकाराचं फेकायचं हत्यार), ग्रॅपनल गन आणि फोरेन्सिक स्कॅनर. बॅटरँग मनगटाच्या हलक्या झटक्याने फेकायचा. नेम गेमच धरतो, जोर लावायची गरज नाही. जोर लावला की हात भिंतीवर आपटतो. कंट्रोलरचा मनगटपट्टा कायम बांधलेला असू द्या.

चालण्यासाठी कंट्रोलरवरची काठी ढकलायची नसते. जिथे जाता येतं त्या ठरावीक जागा दिसतात, त्यातली एक निवडली की तुम्ही तिथे पोचता. बाकी जे दोन-चार पाऊल हलायचं ते स्वतःच्या पायांनी.

८. तपास करताना

कथेची सुरुवात तेवढी सांगतो: बॅटमॅनचे साथीदार नाइटविंग आणि रॉबिन यांच्याशी संपर्क तुटला आहे. पुढचं उघड करणार नाही. हा गेम खेळायच्या आधी कथेबद्दल काही वाचू नका, कारण रहस्य एकदा कळलं की परत कळत नाही.

पहिलं मोठं काम एका गल्लीत आहे. तिथे झालेली झटापट स्कॅनर तुमच्यासमोर प्रकाशाच्या आकृत्यांत पुन्हा उभी करतो आणि ती मागे-पुढे सरकवता येते. नवखे खेळाडू इथे एका जागी उभे राहून ती पुन्हा पुन्हा चालवत राहतात आणि काहीच हाती लागत नाही. असं करा:

पहिल्यांदा सगळी झटापट नुसती बघून घ्या. स्कॅन करायची घाई नको. कोण कुठून आला आणि शेवटी कुठे पडला, एवढंच मनात धरा.

मग जागा बदला. एका कोपऱ्यातून एकाची पाठ दुसऱ्याला झाकते, दुसऱ्या कोपऱ्यातून तोच क्षण स्वच्छ दिसतो. गुडघे वाकवून खालूनही बघा. मारणाऱ्याचा हात कोणत्या बाजूने येतो ते वरून कळलं नाही तरी खालून कळतं.

चेहऱ्यांकडे बघू नका, हातापायांकडे बघा. फटका बसतो, काही मोडतं, कुणी भिंतीवर आदळतो, असे आघाताचे क्षण महत्त्वाचे. तिथे प्रसंग थांबवा, थोडा मागे घ्या, थोडा पुढे, आणि नेमक्या जागेवर स्कॅनर रोखा. बरोबर क्षण सापडला की तपास पुढे सरकतो. नाही सरकला तर क्षण बरोबर असूनही बहुधा उभं राहायची जागा चुकलेली असते.

पुढे शवागारात शरीराची तपासणी येते. तिथे स्कॅनर सावकाश फिरवा आणि एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीकडे जाऊ नका. प्रत्येक टप्प्यावर बॅटमॅन स्वतःशी बोलतो आणि त्या बोलण्यातच पुढचा धागा असतो. म्हणून खेळताना बाजूला बसून सूचना करणारी मित्रमंडळी नकोत.

वस्तू पुराव्याची नसली तरी हातात घ्या. अनेक गोष्टींची गरज कथेला नसते, पण बॅटमॅनचं शहर गॉथम कसं आहे ते त्यांतूनच कळतं.

९. मळमळ आणि भीती

गेममध्ये सरकत चालणं नसल्यामुळे पोटाला त्रास कमी होतो. तरी काही ठिकाणी आजूबाजूचा देखावा हलतो, खाली जाणारा प्लॅटफॉर्म हे त्यातलं एक. तेव्हा पाय थोडे फाकवून उभे राहा आणि नजर दूरच्या स्थिर वस्तूवर ठेवा. तोंडाला पाणी सुटलं किंवा कानशिलं गरम झाली की लगेच हेडसेट काढा. 'थोडा वेळ सहन करू' असं केलं तर तो त्रास रात्रभर राहतो. भरल्या पोटी किंवा पूर्ण उपाशीपोटी खेळू नका.

उंचीची भीती असेल तर पेंग्विन या खलनायकाच्या प्रसंगात कडेवरून खाली बघणं टाळा. बंद जागेची भीती असेल तर गटारांतला भाग जड जाईल, तेव्हा घरातल्या कुणाला तरी खोलीत बसवा. खून, प्रेतं आणि मनाशी खेळणारी दृश्यं आहेत, म्हणून लहान मुलांच्या डोक्यावर हा हेडसेट चढवू नका, बॅटमॅन त्यांचा कितीही लाडका असला तरी.

१०. काही अडलं तर

पीसीच्या स्क्रीनवर गेम दिसतोय पण हेडसेट काळा: स्टीमव्हीआर बंद करून आधी हेडसेटची लिंक सुरू करा, मग स्टीमव्हीआर, मग गेम. हा क्रम उलटा झाला की असं होतं.

चित्र अडखळतंय: मेटाच्या अ‍ॅपमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ७२वर आणा आणि रिझोल्यूशन एक पायरी उतरवा. ब्राउझर आणि चालू डाउनलोड बंद करा.

हात थरथरतायत किंवा तरंगत दूर जातायत: कंट्रोलरची बॅटरी बघा, खोलीत उजेड वाढवा.

आवाज लॅपटॉपमधून येतोय: विंडोजमध्ये आवाजाचं उपकरण म्हणून हेडसेट निवडा.

क्वेस्टची बॅटरी साधारण दोन तास चालते. केबल लावली असली तरी ती हळूहळू उतरू शकते, म्हणून सुरुवात पूर्ण चार्जवर करा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

कथा संपल्यावर गेम काढून टाकू नका. त्यानंतरच रिडलर या खलनायकाची कोडी खुली होतात आणि त्यांच्यासाठी तुम्ही आधी पाहिलेल्या जागी परत जाता येतं. पहिल्या फेरीत नजर पुराव्यावर खिळलेली असते, त्यामुळे भिंतींवर, छतावर, कोपऱ्यांत काय आहे ते राहून जातं. ही कोडी एका बैठकीत उरकू नका, रोज एखाद-दुसरं ठिकाण घ्या. खेळून झालं की लेन्स कोरड्या फडक्याने पुसा, चेहऱ्याच्या गादीवरचा घाम टिपा आणि हेडसेट उन्हापासून लांब, कपाटात ठेवा.